मिडी फाईलमधून स्टाईल: विझार्ड चांगला, ठेका मात्र आपलाच

आधी निकाल सांगते, कारणं मग. कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या तीन-चार सुरांवर) चालणारी गाणी, म्हणजे भावगीतं, शाळेतली समूहगीतं, चित्रपटगीतं, यांची साथ घरच्या कॉम्प्युटरवर लवकर उभी करायची असेल तर बँड-इन-अ-बॉक्स हे सॉफ्टवेअर घ्या आणि त्यातला मिडी फाईलवरून स्टाईल (साथीचा बांधलेला नमुना) बनवणारा विझार्ड, म्हणजे पायरी-पायरीनं काम करून देणारी सोय, वापरा. गोंधळ, भारूड, भजनी ठेका, ढोलकीवरचं भीमगीत पाहिजे असेल तरी घ्या, पण निम्मं काम हातानं करावं लागणार हे धरून घ्या. आणि फक्त यामाहाच्या कीबोर्डमध्ये टाकायला स्टाईल पाहिजे असेल तर यावर पैसे घालवू नका. त्याचा रस्ता वेगळा आहे, तो पुढं सांगते.

मी अंबाजोगाईला शाळेत संगीत शिकवते. गॅदरिंग, १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन हे तर ठरलेलंच. त्याशिवाय आमचं महिला भजनी मंडळ आहे, मार्गशीर्षात योगेश्वरीच्या उत्सवाच्या दिवसांत त्याला भलतं काम असतं, आणि एप्रिल आला की जयंतीसाठी गल्लीतल्या पोरांचा भीमगीतांचा संच तालमीला बसतो. गाणारे भरपूर, वाजवणारे नाहीत. तबला वाजवणारा नोकरीसाठी लातूरला गेला, गिटारवाली पोरगी पुण्याला शिकायलीय. उरते मी आणि माझा कीबोर्ड. त्यामुळं मला स्टाईल लागतात, आणि लागतात त्या आमच्या चालीच्या.

ज्यांना हे प्रकरण नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टाईल म्हणजे ठेका, बेस, कॉर्ड, मधले छोटे तुकडे यांचा बांधलेला नमुना. डाव्या हातानं कॉर्ड धरला की तो नमुना त्या कॉर्डवर सरकतो. सी धरला तर बेस सी वाजवतो, जी धरला तर जी. गाण्याची संपूर्ण फाईल लावून वर गायचं असेल तर त्याला कराओके म्हणतात. तिथं गायिकेनं अंतरा परत घेतला की फाईल तिच्यासाठी थांबत नाही. स्टाईल थांबते. भजनी मंडळात एक ओळ किती वेळा आळवायची हे कधीच ठरलेलं नसतं, म्हणून आम्हाला स्टाईलशिवाय गत्यंतर नाही.

मिडी फाईलमध्ये आवाज नसतो, सूचना असतात: कुठला सूर, केव्हा, किती जोरात, किती वेळ. हे मानक १९८३ सालचं. पुढं १९९१ मध्ये जनरल मिडी आलं आणि कुठल्या नंबरवर कुठलं वाद्य हे ठरलं. म्हणून कुणीही बनवलेली फाईल कुठंही वाजवली तरी पियानोच्या जागी पियानोच वाजतो, आणि दहाव्या चॅनेलवर (एकेका वाद्याला फाईलमध्ये दिलेली वेगळी वाट) ड्रम. एखाद्या गाण्याची नीट बनवलेली मिडी फाईल हाताशी असली की स्टाईलला लागणारा सगळा माल तिच्यात असतो. फक्त तो गाण्याच्या क्रमानं पसरलेला असतो. त्यातले कामाचे दोन-चार बार (ठरलेल्या मात्रांचे तालाचे तुकडे) वेचून काढायचे आणि ते कुठल्याही कॉर्डवर चालतील असे करायचे, एवढंच काम. एवढंच म्हणायला सोपं.

आता विझार्ड. बँड-इन-अ-बॉक्स हे कॅनडातल्या पीजी म्युझिकचं सॉफ्टवेअर, १९९० पासूनचं. त्याच्या स्टाईलमेकरमध्ये हा विझार्ड आहे. मिडी फाईल उघडायची, कुठला चॅनेल बेसचा, कुठला पियानोचा, गिटारचा, स्ट्रिंग्जचा, ड्रमचा हे सांगायचं. मिडी स्टाईलमध्ये हे पाचच भाग असतात, सहावा नाही. त्यामुळं फाईलमध्ये सतार, बासरी, दोन-दोन गिटार असतील तर कुणाला ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं. मग तो फाईलमधले सूर बघून प्रत्येक बारचा कॉर्ड ओळखतो. मुखड्याचे बार ‘ए’ आणि अंतऱ्याचे ‘बी’ अशा खुणा असल्या की दोन वेगळ्या रंगाच्या चाली मिळतात. त्यातून वापरण्यासारखे तुकडे तो निवडतो, बाकीचे सोडून देतो. निवडलेला तुकडा ऐकून नको असेल तर काढून टाकता येतो, आणि प्रत्येक तुकड्याला वजन देता येतं: जास्त वजनाचा वारंवार वाजतो, कमी वजनाचा क्वचित. मला ही वजनाची सोय सगळ्यात आवडली. एकच बार गोल-गोल फिरत राहिला की ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं की मशीन वाजायलीय. वजनं बदलली की तो कंटाळा बराच कमी होतो.

आतून काय होतं हेही समजून घ्या, पुढं उपयोगी पडतं. या सॉफ्टवेअरच्या स्टाईलमधला प्रत्येक सुराचा तुकडा सी-सेव्हन कॉर्डवर (सी मेजरमध्ये कोमल निषाद मिळवलेला) धरलेला असतो. तुमच्या फाईलमध्ये तो तुकडा ई मायनरवर वाजला असेल, तर विझार्ड आधी त्याला उचलून सी-सेव्हनवर आणून ठेवतो आणि वाजवताना तुम्ही द्याल त्या कॉर्डवर नेतो. म्हणजे सगळी मदार एकाच गोष्टीवर: मूळ कॉर्ड बरोबर ओळखला गेला का?

शाळेच्या समूहगीतांवर हे फार छान चालतं. स्वच्छ बेस, सरळ कॉर्ड, चार मात्रांचा ताल, अशी फाईल दिली की चहा होईपर्यंत ऐकण्यासारखी स्टाईल तयार. मुलांच्या पट्टीसाठी गाणं खाली-वर करा, गती कमी करा, एखादं कडवं वाढवा, काहीही बिघडत नाही. आमच्या शाळेत नववीच्या मुली एका पट्टीत गातात, पाचवीच्या दुसऱ्या; आता दोन्ही वर्गांना तीच साथ पुरते. एवढ्यासाठीच घ्यायचं असलं तरी माझी हरकत नाही.

खरी परीक्षा आपल्या गाण्यांची. भजनाच्या, भारुडाच्या मिडी फाईलमध्ये बहुतेक वेळा कॉर्ड नसतातच. एक चॅनेल हार्मोनियमचा, तोही गाण्याची चाल वाजवणारा. एक बेसचा, जो सा आणि पंचम यांच्यात फिरतो. बाकी ठेका आणि झांज. जनरल मिडीच्या यादीत हार्मोनियम नाही, त्यामुळं ती चाल २१ नंबरच्या रीड ऑर्गनवर किंवा २२ नंबरच्या अ‍ॅकॉर्डियनवर टाकलेली सापडते. आता या मालातून कॉर्ड ओळखायचा तरी कसा? ओळखणाऱ्या यंत्राला चालीतला प्रत्येक सूर कॉर्डचाच वाटतो. मग सा-रे-प आले की तो एक भलताच कॉर्ड लिहितो, पुढच्या मात्रेला ग आला की दुसरा. भैरवीतलं भजन असेल तर बघायलाच नको, कोमल रिषभ आणि कोमल धैवत आले की पानभर कॉर्ड, आणि गाणारी बाई तर सगळं एकाच सा वर गातेय.

उपाय साधा आहे आणि तो मी प्रत्येक फाईलला करते. विझार्डमध्ये घालण्याआधी चालीचा चॅनेल काढून टाकायचा. कुठल्याही मिडी एडिटरमध्ये हे होतं, फुकटातलेही चालतात. मग कॉर्ड त्याच्यावर न सोडता आपणच लिहायचे. सा-पंचमाचं भजन असेल तर सगळ्या बारांना एकच कॉर्ड. असं केलं की बेसचा तुकडा स्वच्छ मिळतो आणि स्टाईल उगंच इकडंतिकडं पळत नाही. ज्याला दोन सुरांवरून कॉर्ड सांगता येत नाही त्यानं आधी आठ दिवस हार्मोनियमवर तेवढाच अभ्यास करावा, मग सॉफ्टवेअरकडं वळावं. हे मी विद्यार्थ्यांनाही सांगते आणि त्यांना ते आवडत नाही.

ठेक्याची गोष्ट मोठी आहे. जनरल मिडीच्या ड्रम-यादीत ३५ ते ८१ नंबरपर्यंत वाद्यं आहेत. त्यात बोंगो आहेत, कोंगा आहेत, टिंबाले आहेत, ब्राझीलची कुइका सुद्धा आहे. ढोलकी नाही, तबला नाही, संबळ नाही, हलगी नाही. म्हणून फाईल बनवणारे ढोलकीची शाई बोंगोवर टाकतात, डावा हात कोंगावर, संबळ टिंबालेवर आणि झांज ट्रँगलवर. शहनाईला मात्र या मंडळींनी ११२ नंबर दिलाय. लग्नाच्या वरातीत शहनाईवाला पुढं उभा केला आणि मागं बोंगो, अशातली गत. माझा भाचा ढोलकी वाजवतो. मी पहिली स्टाईल लावली तेव्हा तो आतल्या खोलीतून बाहेर येऊन म्हणाला, “आत्या, हे काय वाजवायलीस? ढोलकी हाय का डबा हाय?”

डबाच होता. त्यावर नंबर बदलून भागत नाही. ढोलकीची चांगली सॅम्पल (रेकॉर्ड केलेले एकेक आवाज) प्लगइनमध्ये घेऊन ड्रमचा भाग तिकडं वळवला तर आवाज सुधारतो, पण घिस्सा येत नाही. डाव्या हातानं कातडं दाबत जो सूर वर ओढला जातो तो. मिडीमध्ये सूर वाकवायचा तर पिच बेंड वापरतात, आणि पिच बेंड लागतो तो अख्ख्या चॅनेलला. म्हणजे दहाव्या चॅनेलवर डग्गा वाकवला की त्याच्याबरोबर झांजही वाकते. त्यामुळं दोनच मार्ग: घिस्सा मारलेलं वेगळं सॅम्पल एका वेगळ्या नोटवर ठेवायचं, नाहीतर ढोलकीला स्वतंत्र चॅनेल द्यायचा. बँड-इन-अ-बॉक्सच्या स्टाईलमध्ये ड्रमचा भाग एकच, म्हणून तिथं मी पहिला मार्ग धरते. भाच्यानं वाजवलेले दोन-तीन प्रकारचे घिस्से मोबाईलवर नाही, नीट माईकवर रेकॉर्ड करून घेतले आणि सॅम्पलरमध्ये मोकळ्या नोटांवर बसवले. मग हातानं एकेका बारमध्ये पेरले. वेळखाऊ काम आहे, पण ढोलकीवाला ऐकून मान हलवतो तो यामुळंच.

दुसरं म्हणजे जोर. मिडीत प्रत्येक आघाताचा जोर १ ते १२७ मध्ये लिहिलेला असतो. घाईत बनवलेल्या फाईलमध्ये सगळे आघात १०० वर असतात, एकाला उठाव नाही आणि एकाला दाब नाही. विझार्ड जे दिसेल तेच उचलणार, त्याला समेची (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची) जाण कुठून असणार? सम ठळक करा, खाली (आवर्तनातली बिनजोराची मात्रा) हलकी करा, मधले भरणीचे आघात ५०-६० वर आणा. एवढ्यानंच भजनी ठेका डोलायला लागतो. लग्गी (जलद, भरगच्च ठेका) लावायची असेल तर तिचा वेगळा तुकडा बनवून ‘बी’ला ठेवा, खूण बदलण्याआधीच्या बारात भरणी (फिल, दोन भागांना जोडणारा छोटा तुकडा) आपोआप वाजते, म्हणजे उठाव तिथं बसवता येतो. तिहाईचं (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येण्याचं) मात्र तसं होत नाही. ती समेवर नेमकी पोचायला तीन बार लागले तर तीन बार घेणार, आणि भरणीला मिळतो एक बार. तिहाई गाणाऱ्यांच्या टाळीवरच सोडलेली बरी.

गोंधळाच्या चालीबद्दल मला धास्ती होती, ती निघाली. सहाच्या झोक्यातली चाल चार मात्रांत बसवायची तर प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करायचे. या सॉफ्टवेअरमध्ये एका मात्रेचे १२० भाग असतात, तीननं भागले की बरोबर ४० येतात, काही उरत नाही. संबळाचा झोका त्यामुळं सरळ बसतो. पण हेच १२० भाग दुसऱ्या बाजूनं अपुरे पडतात. मिनिटाला १२० मात्रांच्या गतीला एक भाग साधारण ४ मिलिसेकंदांचा होतो. वाजवणारा जिथं मुद्दाम किंचित मागं राहतो, ते मागं राहणं एवढ्या पट्टीवर ढोबळ होतं. शाळेच्या गाण्यात कुणाला कळणार नाही, कसलेल्या ढोलकीवाल्याला कळतं.

आता यामाहावाले. मराठवाड्यात ऑर्केस्ट्रात जाल तिथं यामाहाचा कीबोर्ड दिसतो, म्हणून हे नीट सांगते. बँड-इन-अ-बॉक्सच्या स्टाईलच्या फाईलीचं शेपूट एसटीवाय, आणि यामाहाच्या स्टाईलचंही शेपूट एसटीवाय. आत मात्र काहीच सारखं नाही. एकाची फाईल पेन ड्राईव्हवर टाकून दुसऱ्यात लावली तर वाजणार नाही, आणि त्यात कीबोर्डचा दोष नाही.

यामाहाची स्टाईल आतून एक मिडी फाईलच असते, टाईप झिरो प्रकारची (सगळे चॅनेल एकाच ट्रॅकमध्ये). ९ ते १६ हे चॅनेल तिच्यासाठी राखलेले: ९ आणि १० ठेक्याला, ११ बेसला, १२ व १३ कॉर्डला, १४ पॅडला (मागं धरून ठेवलेले लांब सूर), १५ व १६ छोट्या फ्रेजना (सुरावटींना). ठेक्याला दोन चॅनेल मिळतात हे आपल्यासाठी वरदान आहे. ढोलकी नवव्यावर, बाकी ताल दहाव्यावर, मग ढोलकीला हवा तेवढा पिच बेंड द्या, झांज जागची हलत नाही. फाईलमध्ये मार्कर (नाव दिलेल्या खुणा) टाकून भाग पाडायचे. एसएक्स मालिकेतल्या कीबोर्डला इंट्रो तीन, मेन चार, फिल चार, ब्रेक एक, एंडिंग तीन असे पंधरा भाग लागतात, आणि मार्करचं इंग्रजी स्पेलिंग ठरलेलं तेच लिहावं लागतं. शेवटी कॅझम नावाचा एक तुकडा जोडायचा. कुठला चॅनेल कॉर्डमागं कसा जाणार याचे नियम त्यात असतात. त्याचे छोटे एडिटर इंटरनेटवर फुकट मिळतात, आणि कीबोर्डच्या स्टाईल क्रिएटरमध्येही हे नियम बदलता येतात.

इथं मूळ कॉर्ड सी मेजर-सेव्हन धरलेला असतो. बँड-इन-अ-बॉक्सचा सी-सेव्हन डोक्यात ठेवून इथं कोमल निषादाचा तुकडा टाकलात की तो भलतीकडं जातो. एकतर तुकडा शुद्ध निषादात बनवा नाहीतर त्या चॅनेलचा मूळ कॉर्ड बदलून लिहा. मायनरसाठी, डोरियनसाठी (पाश्चात्त्य सुरावलींचे प्रकार) सूर बदलण्याची तयार कोष्टकं दिलेली आहेत. भैरवीसाठी नाही, कोमल रिषभाची तिथं सोयच नाही. त्यावर मी शोधलेला तोडगा असा: फ्रेजच्या चॅनेलला रूट ट्रान्सपोज (कॉर्डच्या मूळ सुराबरोबर सगळा तुकडा सरकवणं) ठेवायचं आणि कोष्टक बायपास करायचं, म्हणजे वगळायचं. मग तुकडा जसाच्या तसा, सगळे कोमल सूर सांभाळून, पट्टीबरोबर सरकतो. काळी चारमध्ये गा की पांढरी दोनमध्ये गा. मधे दुसरा कॉर्ड मात्र धरायचा नाही, कारण बायपास केलेला तुकडा तिकडंही तसाच उचलून जातो. भजनाला तसाही एकच सा पुरतो.

मात्रेचे भाग यामाहात १९२०. म्हणजे वर ज्या मागं राहण्याबद्दल म्हटलं, ते इथं शिल्लक राहतं. स्टेजवर ढोलकीच्या अंगानं जाणाऱ्या गाण्याला मी यामाहाचीच स्टाईल लावते, कितीही हातकाम पडलं तरी. विझार्डसारखं एका बटणात इथं काही होत नाही.

फाईली कुठून आणायच्या हा प्रश्न मला नेहमी विचारतात. पेन ड्राईव्हवर हजारो गाणी भरून विकणारे आहेत. तसा एक मीही घेतला होता. निम्म्या फाईलींमध्ये बारच्या रेषा आणि वाजणं यांचा मेळ नव्हता, म्हणजे क्लिक न लावता वाजवून तशाच जतन केलेल्या. अशा फाईलीचा विझार्डला काही उपयोग नाही, कारण तो बारच्या रेषेवर कापतो आणि सम मधेच कुठंतरी तुटते. घेण्याआधी एक फाईल मागून घ्या, मेट्रोनोम लावून ऐका. पहिल्या अंतऱ्यानंतरही टिकटिक ठेक्याबरोबर असेल तरच पैसे द्या. त्याहून बरं म्हणजे स्वतःच वाजवा. चार बारांचा बेस आणि चार बारांचा ठेका वाजवायला अख्खं गाणं येण्याची गरज नाही, आणि विझार्डलाही तेवढंच लागतं.

किमतीचं म्हणाल तर खरेदी डॉलरमध्ये, त्यामुळं कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्यावा लागतो. प्रो, मेगापॅक, अल्ट्रापॅक, ऑडिओफाईल अशा चढत्या आवृत्त्या आहेत. वरच्या आवृत्त्यांचे जास्तीचे पैसे जातात ते मुख्यतः रिअलट्रॅक्सना, म्हणजे खऱ्या वादकांच्या रेकॉर्डिंगना. ते ऐकायला सुंदर आहेत, पण बहुतेक जॅझ, कंट्री, रॉक अशा प्रकारांचे. मिडीवरून बनवलेल्या स्टाईलशी त्यांचा संबंध नाही, आणि जागा मात्र खूप खातात. आपल्या कामाला प्रो पुरते. उरलेल्या पैशांत एक बरा माईक घ्या आणि गावातल्या ढोलकीवाल्याला मानधन देऊन त्याचे बोल एकेक करून रेकॉर्ड करून ठेवा.